करवीर संस्थानातील सक्तीचे प्राथमिक शिक्षण : एक परीक्षण

श्रीशाहू छत्रपती महाराजांनी सन १९१७ मध्ये आपल्या करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, ही गोष्ट आता शाळकरी मुलांच्याही तोंडी आहे. तिजविषयी आजवर जे लेखन झाले त्याचे सामान्यतः दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील लेखक कायद्याची तारीख सांगतात, महाराजांच्या औदार्याचे वर्णन करितात आणि तेथेच थांबतात. दुसऱ्या वर्गातील लेखक बडोद्याची तारीख पुढे करून पहिलेपणाचा मान करवीरकडे जात नाही एवढे सिद्ध करितात, आणि तेही तेथेच थांबतात. दोघांचे निष्कर्ष परस्परविरुद्ध दिसले तरी दोघांच्या हाती माप एकच आहे, व ते म्हणजे कायदा केव्हा झाला हे. एखाद्या लहान मुलखाने आपल्या शाळांची व्यवस्था कशी लावली हे या मापाने कळत नाही. कायद्याने सक्ती केली हे खरे. पण ती कोणावर केली, आणि ज्याच्यावर केली त्याच्या अंगी ती पाळण्याचे सामर्थ्य होते काय, हा प्रश्न तारखेहून महत्त्वाचा आहे. प्रस्तुत लेखात करवीरच्या व्यवस्थेची परीक्षा या दुसऱ्या मापाने करण्याचे योजिले आहे.

प्रथम पहिलेपणाचा वाद मिटवून टाकणे बरे. बडोद्यास श्रीसयाजीराव महाराजांनी सन १८९३ मध्ये अमरेली भागातील काही गावांत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि सन १९०६ मध्ये कायदा करून तो साऱ्या राज्यास लागू केला. त्यात मुलांबरोबर मुलींनाही सक्ती होती. तेव्हा हिंदी संस्थानांत करवीर पहिले नव्हे, हे निर्विवाद आहे. उलटपक्षी, शेजारच्या इंग्रजी मुलखाशी तुलना करू लागल्यास करवीरचे पाऊल निःसंशय पुढे होते. नामदार गोखले यांनी १६ मार्च १९११ रोजी वरिष्ठ कायदे कौन्सिलात प्राथमिक शिक्षणाचे बिल मांडले. ते अत्यंत सौम्य होते, स्थानिक संस्थांना वाटल्यास सक्ती लागू करण्याची मुभा देण्यापलीकडे त्यात फारसे काही नव्हते. तरीही १९ मार्च १९१२ रोजी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने जो कायदा झाला तो सन १९१८ चा, आणि तोही केवळ नगरपालिकांपुरता व ऐच्छिक. म्हणजे खेड्यातील कुणब्याच्या पोराला शाळेत घातलेच पाहिजे असे करवीर दरबार म्हणू लागला, त्या वेळी पंचगंगा-वारणेच्या पलीकडच्या इंग्रजी गावांत तसे म्हणण्याचा अधिकारच कोणास नव्हता.

परंतु याच गोखल्यांच्या भाषणात कायद्याच्या भक्तांना सावध करणारे आकडेही आहेत, व त्यांकडे आमच्या लेखकांचे लक्ष जावे तितके गेलेले नाही. शाळेत जाण्याच्या वयाच्या मुलग्यांपैकी सन १९०९ मध्ये बडोद्यास शेकडा ७९.६ शाळेत होते, तर इंग्रजी हिंदुस्थानात शेकडा २१.५ होते, मुलींचे प्रमाण अनुक्रमे शेकडा ४७.६ व ४ होते. येथपर्यंत सक्तीचा पक्ष बळकट दिसतो. पण त्याच ठिकाणी गोखल्यांनी त्रावणकोरचे प्रमाण मुलग्यांचे शेकडा ८१.१ व मुलींचे ३३.२ असे दिले आहे. आणि त्रावणकोरात सक्तीचा कायदा नव्हता! म्हैसुरात ते प्रमाण ४५.८ व ९.७ होते. या आकड्यांवरून दोन गोष्टी निघतात. मुलग्यांच्या बाबतीत शाळा जवळ असणे, ती चालविणारे कोणीतरी गावात असणे आणि शिकण्याची चाल समाजात रुळलेली असणे, एवढ्यानेही सक्तीइतका गुण येऊ शकतो. मुलींच्या बाबतीत मात्र बडोद्याची आघाडी सक्तीखेरीज समजणे कठीण. तेव्हा ‘कायदा झाला म्हणून शिक्षण वाढले’ हे विधान जितके सरळ भासते तितके ते नाही, आणि करवीरविषयी लिहितानाही ते जपूनच केले पाहिजे.

आता करवीरच्या कायद्याकडे वळू. प्राथमिक शिक्षण मोफत करण्याचा हुकूम जुलै १९१७ मध्ये निघाला व सप्टेंबरात सक्तीचा कायदा प्रसिद्ध झाला. सात ते चौदा हे शाळेचे वय ठरले. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवण्यात आला. या योजनेतील पहिली शाळा मार्च १९१८ मध्ये करवीर पेट्यातील चिखली येथे उघडली. पुढील प्रगतीचे आकडे नेहमी दिले जातात ते असे : सन १९१७-१८ मध्ये शाळा २७ व विद्यार्थी १,२९६, सन १९२१-२२ मध्ये शाळा ४२० व विद्यार्थी २२,००७. चार वर्षांतील ही वाढ डोळे दिपविणारी आहे. त्यातही, याच काळात सन १९१८ चे अवर्षण व इन्फ्ल्यूएंझाची साथ यांनी दक्षिणेतील खेडी उजाड केली होती हे ध्यानात घेतल्यास दरबारच्या नेटाचे कौतुक अधिकच वाटते.

तथापि आकडा म्हणजे साक्षीदार आहे. त्याची उलटतपासणी झाल्यावाचून त्याची जबानी ग्राह्य धरू नये. पहिली गोष्ट अशी की, संस्थानात सन १९१७ पूर्वीही दरबारी शाळा होत्या व त्या २७ हून पुष्कळ अधिक होत्या. म्हणून २७ हा आकडा संस्थानातील एकंदर शाळांचा असणे शक्य नाही. तो नव्या कायद्याखाली चाललेल्या शाळांचाच होय. मग २७ चे ४२० झाले यात नवीन निघालेल्या शाळा किती आणि जुन्याच शाळांना नवा कायदा लागू झाला अशा किती, हे वेगळे काढल्याखेरीज ‘शाळा पंधरापटींनी वाढल्या’ असे म्हणता येत नाही. कायद्याचा अंमल पंधरापटींनी वाढला, एवढेच म्हणता येते. आणि तेही थोडे नव्हे.

दुसरी गोष्ट आकड्यांच्या भागाकाराने दिसते. पहिल्या वर्षी दर शाळेस सरासरी ४८ विद्यार्थी पडतात, शेवटच्या वर्षी ५२. म्हणजे शाळांचा पसारा इतका वाढला तरी शाळेचा घाट बदलला नाही. चाळीस-पन्नास मुले, एखाददुसरा मास्तर आणि गावातील जी काही जागा मिळेल ती, असा हा घाट होता. वाढ झाली ती गावागणिक शाळा पसरून झाली. एकेका शाळेत मुले दाटून झाली नाही. करवीरची व्यवस्था समजून घेण्यास ही खूण फार उपयोगी आहे. शहरात मोठी शाळा बांधून खेड्यांना तिकडे बोलावण्याचा मार्ग दरबारने धरला नाही. शाळा खेड्यात नेली. वयाची सात वर्षे भरलेले मूल ओढा ओलांडून दुसऱ्या गावी जाणार नाही, आणि त्याच्या बापाला त्याबद्दल दंड करणे अन्यायाचे होईल. दंडाचे कलम न्याय्य ठरावयाचे तर शाळा गावातच असली पाहिजे. या दृष्टीने पाहता ४२० हा आकडा २२,००७ या आकड्याहून अधिक बोलका आहे.

तिसरी गोष्ट प्रमाणाची. सन १९२१ च्या खानेसुमारीत कोल्हापूर संस्थानची लोकसंख्या सुमारे ८ लक्ष ३३ हजार होती. शाळेच्या वयाची मुले लोकसंख्येच्या शेकडा १५ धरावी असा त्या काळच्या सरकारी अहवालांचा परिपाठ होता. त्याप्रमाणे ती सव्वा लक्ष होतात, आणि २२,००७ हे त्यांच्या सहाव्या हिश्शाहून थोडे अधिक. येथे घाई करून ‘सक्ती फसली’ असा निकाल देणारा टीकाकार चुकेल. एक तर वरील लोकसंख्येत विशाळगड, बावडा, कागल, इचलकरंजी इत्यादी जहागिरींची प्रजा मोडते. त्यांचा हिशेब निराळा मांडला पाहिजे. शिवाय हायस्कुलांतील, खाजगी व मिशनच्या शाळांतील मुले या २२,००७ मध्ये नाहीत. म्हणून सहावा हिस्सा ही कनिष्ठ मर्यादा समजावी. परंतु सर्व सूट देऊनही, सक्ती चार वर्षांत घरोघर पोहोचली होती असे हे आकडे सांगत नाहीत. शिवाय ‘विद्यार्थी’ या एका शब्दाखाली मुलगे व मुली एकत्र दडपून दिलेला आकडा जो कोणी पुढे करील त्याने अर्धा प्रश्न झाकला, असेच समजावे. बडोद्याचे मुलींचे प्रमाण आपण वर पाहिलेच.

येथवर सक्ती पालकावर होती. आता ज्याच्याविना सक्तीस अर्थ नाही त्या शिक्षकाचा विचार करू. महात्मा जोतीराव फुले यांनी सन १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे जे निवेदन दिले त्यात प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे ही मागणी होतीच. पण तिच्या जोडीला, खेड्यातील शाळांचे शिक्षक शक्य तो शेतकरी वर्गातून तयार करावे हीही मागणी होती. या दोन मागण्या फुल्यांनी एकत्र का केल्या हे आमच्या लेखकांनी पाहिलेले दिसत नाही. नांगर धरणे ज्याला कमीपणाचे वाटते असा मास्तर कुणब्याच्या मुलाला शाळेत टिकू देणार नाही, व मग सक्तीचा दंड मात्र मुलाच्या बापास भरावा लागेल, हे त्यांनी ओळखले होते. पस्तीस वर्षांनी करवीरात जो कायदा झाला त्याचे बीज येथे आहे, आणि त्याची कसोटीही येथेच आहे.

या कसोटीवर करवीरच्या व्यवस्थेविरुद्ध एक आक्षेप वारंवार घेतला जातो. महाराजांना अधिकार सन १८९४ मध्ये मिळाले. विद्यार्थी वसतिगृहांची मालिका मराठा बोर्डिंगपासून सन १९०१ मध्ये सुरू झाली. मागासलेल्या वर्गांसाठी शेकडा ५० जागा राखण्याचा प्रसिद्ध हुकूम २६ जुलै १९०२ चा. आणि खेड्यातील पाटीपेन्सिलीचा कायदा मात्र सन १९१७ चा. म्हणजे इमारत शिखराकडून पायाकडे बांधली, असे आक्षेपक म्हणतात. हा आक्षेप वरवर सयुक्तिक आहे, आणि फुल्यांनी सरकारच्या उच्च शिक्षणावरील खर्चावर जी टीका केली होती तिचा आधारही त्यास देता येईल. पण शिक्षक कोठून आणावयाचे हा प्रश्न विचारताच त्याचे बळ ओसरते. सन १९०० च्या सुमारास खेड्याखेड्यांत शाळा घालण्याचे ठरविले असते तर त्यांवर नेमावयास सर्व जातींतील शिकलेली माणसे मिळती ना. बोर्डिंगांत वाढलेली पिढी हाताशी आल्यावरच नाना जातींचे मास्तर, कारकून व तपासनीस मिळण्याची आशा होती. तेव्हा हा क्रम उलटा नव्हता. तो बी तयार करून मग पेरणी करण्याचा होता. मात्र एवढे खरे की मधल्या १५-१६ वर्षांत जी मुले सातांची चौदांची झाली त्यांना या दूरदृष्टीचा काहीच उपयोग झाला नाही. धोरणाचे समर्थन करिताना ही किंमत लपवू नये.

आता या परीक्षणातील मुख्य मुद्दा. सन १९१७ च्या कायद्याने सर्व जातींच्या पालकांवर सारखीच सक्ती लादली. पण सर्व जातींची मुले एकाच शाळेत बसतील असे त्या कायद्याने घडविले नाही. संस्थानात अस्पृश्यांच्या मुलांसाठी निराळ्या शाळा होत्या, आणि सक्ती सुरू झाल्यावरही त्या तशाच चालू होत्या. म्हणजे महाराच्या मुलाच्या बापास दंडाचे कलम स्पृश्याच्या बापाप्रमाणेच लागू. शाळा मात्र निराळी. बापाकडे कर्तव्य सारखे मागितले, मुलाला हक्क सारखा दिला नाही. हा दोष दाखविण्यास परक्या टीकाकाराची गरज नाही, कारण तो खुद्द महाराजांनीच दोन वर्षांत दाखविला. ३० सप्टेंबर १९१९ च्या हुकुमाने अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा त्या वर्षीच्या दसऱ्यापासून बंद केल्या, आणि त्यांची मुले इतरांप्रमाणेच सरकारी शाळांत घ्यावी, शिवाशिव पाळू नये व सर्व जातिधर्मांच्या मुलांना एकत्र बसवावे असे फर्माविले. त्याच सालच्या जानेवारीत, शिक्षणसंस्थांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांस ममतेने वागवावे व मदत घेणाऱ्या संस्थांनी कसूर केल्यास त्यांची मदत बंद होईल, अशी तंबी दिली गेली होती. आणि इतर खात्यांतील ज्या नोकरांना समतेची वागणूक मान्य नसेल त्यांनी नोकरी सोडावी, असेही स्पष्ट बजावले होते.

आमच्या मते करवीरच्या शिक्षणव्यवस्थेत जर कोणता कागद शिरोभागी ठेवावयाचा असेल तर तो सन १९१७ चा कायदा नसून सन १९१९ चे हे हुकूम होत. पहिल्याने दुर्बळ पालकावर सक्ती केली; दुसऱ्यांनी बलिष्ठ मास्तर, संस्थाचालक व अंमलदार यांजवर सक्ती केली. एक रुपयाचा दंड रोजंदारी करणाऱ्यावर बसविणे कोणत्याही सत्ताधाऱ्यास सोपे आहे. आपल्याच नोकरांस ‘तुमची जुनी चाल येथे चालणार नाही’ म्हणून सांगणे सोपे नाही. सन १९१९ चे हुकूम हे सन १९१७ च्या कायद्यावरील सर्वोत्तम टीकाग्रंथ आहेत, आणि ते टीकाग्रंथ मूळ ग्रंथकारानेच लिहिले, ही या इतिहासातील दुर्मीळ गोष्ट आहे.

यावर कोणी म्हणेल की हुकूम म्हणजे अंमल नव्हे. दप्तरातला कागद आणि शाळेतला ओटा यांत पुष्कळ अंतर असते. हे आम्हांस पूर्ण मान्य आहे. किंबहुना गॅझेटातील हुकुमांवर सारा इतिहास रचण्याची जी सवय पडली आहे तिजविरुद्धच हा लेख आहे. लठ्ठे यांनी सन १९२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चरित्रापासून पुढील कागदपत्रांच्या खंडांपर्यंत महाराजांची इच्छा काय होती हे जाणण्याची साधने विपुल आहेत. पण शाळा कशी चालली हे सांगणारी साधने निराळी असतात : गावोगावचे हजेरीपट, दंड बसविल्याच्या व माफ केल्याच्या नोंदी, तपासनिसाचे शेरे, मास्तरांच्या बदल्या व तक्रारी. हजेरीपटात दसऱ्यानंतर एकाच पानावर कोणकोणत्या जातींची नावे आली, व ती पुढील पावसाळ्यापर्यंत टिकली की गळाली, यावर सन १९१९ च्या हुकुमाचा खरा निकाल अवलंबून आहे. तरुण अभ्यासकांनी आता तिकडे वळावे. महाराजांच्या गौरवास त्याने उणेपणा येणार नाही. उलट ज्या विरोधाशी त्यांना झगडावे लागले त्याची खोली त्यानेच कळेल.

राहता राहिला मुलूख लहान असण्याचा प्रश्न. सुमारे ३,२०० चौरस मैलांच्या संस्थानात एका पुरुषाच्या इच्छेने चार वर्षांत ४२० शाळांवर कायदा लागू होतो, तर त्याच्या कितीतरी पट मोठ्या मुंबई इलाख्यात सन १९१८ व १९२३ चे कायदे स्थानिक संस्थांच्या मर्जीवर व तिजोरीवर अवलंबून रेंगाळतात. लहानपणाचा हा फायदा उघड आहे. पण त्याची दुसरी बाजूही उघड आहे. जी व्यवस्था एका माणसाच्या उत्साहावर उभी राहते ती त्याच्या आयुष्याएवढीच भरवशाची असते. ६ मे १९२२ रोजी महाराजांचे देहावसान झाले, तेव्हा कायद्याच्या अंमलाला पाच वर्षेही पुरी झाली नव्हती. शाळेच्या खर्चाची मंजुरी देणारी वा तो कमी केल्यास जाब विचारणारी लोकनियुक्त सभा संस्थानात नव्हती. मुंबईच्या लोकल बोर्डांची चाल मंद होती खरी. पण तेथे गावकऱ्याला निदान मत मागणारा कोणीतरी होता. वेग आणि टिकाऊपणा यांपैकी करवीरच्या वाट्यास वेग आला, मुंबईच्या वाट्यास पुरतेपणी दोन्हींपैकी एकही आले नाही.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि त्याची निराळी शिक्षणव्यवस्था संपली. त्यानंतर साठ वर्षांनी, सन २००९ मध्ये, साऱ्या देशासाठी सहा ते चौदा वयाच्या बालकांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा झाला व १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. त्यात ‘सक्ती’ या शब्दाची जी व्याख्या केली आहे ती करवीरच्या अभ्यासकाने अवश्य वाचावी. त्या व्याख्येप्रमाणे सक्ती ही सरकारवर आहे : शाळा देणे, मूल दाखल करून घेणे, त्याची हजेरी राहील व शिक्षण पुरे होईल हे पाहणे, ही सरकारची बांधिलकी. पालकाचे कर्तव्य सांगितले आहे, पण त्यास दंड नाही. सन १९१७ ते २००९ या ९२ वर्षांत शब्द तोच राहिला आणि त्याचे तोंड मात्र फिरले.

हे तोंड फिरविण्याचा या प्रांतातील पहिला स्पष्ट प्रयत्न सन १९१९ मध्ये करवीरात झाला, असे आमचे मत आहे. तो अपुरा होता, एकाच्या इच्छेवर टेकलेला होता, आणि त्याचे फळ किती गावांत धरले हे अद्याप मोजावयाचे आहे. पण कायद्याची पहिली तारीख कोणाची या वादात गुंतलेल्या लेखकांनी ज्या गोष्टीसाठी करवीरचे नाव घ्यावयास हवे होते, ती गोष्ट हीच होय.